भाषणाआधी जाहिरात घ्या
मन वळवणारी भाषा कशी काम करते हे शिकवताना पहिल्याच तासाला ॲरिस्टॉटलची त्रयी (मन वळवण्याचे तीन मार्ग) फळ्यावर लिहू नका. सातवीची मुलं ती पाठ करतील आणि विसरतील. आधी एखादी जाहिरात दाखवा. ती कोणासाठी आहे, त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे, एवढंच विचारा. मग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३चं ‘आय हॅव अ ड्रीम’ हे भाषण. आधी नुसतं ऐकवा, कागद नंतर. पुन्हा पुन्हा येणारं वाक्य मुलं आपणहून पकडतात. ‘भावनेला हात घातलाय’ या उत्तरावर मात्र त्यांना सोडू नका (मी कितीतरी वर्षं सोडत होते!). कुठली भावना, कोणत्या शब्दाने, तो शब्द बदलला तर काय उरतं, हे खोदून विचारा. विश्वासार्हता, भावना, तर्क ही नावं त्यानंतर द्या. आणि हो, मुलांना पटणारा एखादा मजकूरही तपासायला द्या. त्यातल्या पळवाटा शोधताना खरी दमछाक होते.