माळावर आधी पहार मार

ठाण्यातला अडीच हजार मिलिमीटरचा पाऊस बघून माणदेशातला तुझा वडिलोपार्जित माळ ओसाड वाटणारच, म्हणून तिथे झाडं लावायला निघालायस. पण माळ ओसाड नाही रे. तिथे पाऊसच जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो.

पहिल्या खेपेला रोपं नेऊ नकोस, पहार ने. दहा ठिकाणी मार. कुठे वीतभर माती, कुठे चार बोटांवर मुरूम, त्याखाली काळा कातळ. ओल साठायला जागाच नाही, म्हणून उन्हाळ्यात रोपं जळतात. माझी अशीच गेली, अजून चुटपुट लागते. पवन्या आणि कुसळी ही गवतं मात्र तग धरतात.

दगड वेचू नकोस, जेसीबी तर नकोच. दगडाआड ओल टिकते, माती अडते. गावच्या मेंढपाळांशी बोलून पावसाळ्यात चराई थांबव, गवताला बी धरू दे.