'रेकमेंडेड' म्हणजे प्रवेश मिळाला का?

प्रश्न असा आहे: मुलीने अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज केलेत. एका विभागाचा मेल आला, 'यू हॅव बीन रेकमेंडेड फॉर ॲडमिशन'. आई म्हणते झालं काम, मुलगी म्हणते अजून नाही. मराठीत नेमकं काय म्हणावं? 'शिफारस झाली' म्हटलं की नातेवाईक विचारतात, 'कोणाची?'

नातेवाइकांचं चुकत नाही. फारसीतून आलेली आपली 'शिफारस' बोलण्यात कधीच वशिल्याला चिकटली. (इराणात आज 'सेफारेश' म्हणजे हॉटेलात दिलेली ऑर्डरसुद्धा!) पण सरकारी मराठीत तिचा दुसरा अर्थ अजून शाबूत आहे. एमपीएससीची 'शिफारसपात्र उमेदवारांची यादी' आठवा. निवड आयोग करतो, पण नेमणूक करण्याचा अधिकार शासनाचा, म्हणून आयोग 'शिफारस' करतो. यादीत नाव लागलं की गावात फ्लेक्स लागतो, नियुक्तीपत्र मात्र सवडीने येतं. तुमच्या मेलमधलं 'रेकमेंडेड' याच जातीचं.

अमेरिकेत पीएचडीचे अर्ज बहुधा त्या त्या विभागातली प्राध्यापकांची समिती वाचते आणि निवडही तीच करते. अधिकृत पत्र मात्र बऱ्याच विद्यापीठांत 'ग्रॅज्युएट स्कूल' नावाच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून जातं. तिथे संशोधनाचा आराखडा कोणी नव्याने तपासत बसत नाही. पदवी, गुणपत्रकं, टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण नियमात बसतात का, एवढं पाहतात. तिथून नकार येणं विरळाच, पण कागद अपुरे असले तर गाडी अडते. म्हणून मेलमध्ये पुढे 'सब्जेक्ट टू' किंवा 'पेंडिंग' असेल ती ओळ आधी वाचा. आपल्या कायद्याच्या भाषेतलं 'च्या अधीन राहून' ते हेच.

गंमत म्हणजे एकाच अर्जात हे क्रियापद दोनदा येतं. आधी मुलीचे प्राध्यापक तिला 'रेकमेंड' करतात, त्या शिफारसपत्राला पोरं एलओआर (लेटर ऑफ रेकमेंडेशन) म्हणतात. ते झालं मत. नंतर समिती 'रेकमेंड' करते, तो जवळजवळ निर्णय. तेव्हा क्रियापदापेक्षा कर्ता बघावा: कोण, कोणाकडे शिफारस करतंय?

मी असं म्हणेन: 'विभागाने निवड केली आहे, विद्यापीठाचं पत्र यायचंय.' लांबलचक आहे, पण कोणी 'कोणाची?' विचारणार नाही. 'ॲडमिट आला' असं मुलं म्हणतात तेही चालेल, पण पत्र आल्यावर. आणि आजी-आजोबांसमोर जरा जपून. घरात 'ॲडमिट' हा शब्द अजून हॉस्पिटलचाच आहे. पेढे आणायला माझी हरकत नाही. बाकीचे अर्ज मात्र पत्र हातात पडेपर्यंत मागे घेऊ नका. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्मसुद्धा विद्यापीठ देतं, विभागाच्या मेलवर तो मिळत नाही.

'वेटलिस्ट'चंही असंच. 'प्रतीक्षायादी' म्हटलं की आपल्याला रेल्वे आठवते: क्रमांक कितवा, काल किती होता. इथे बऱ्याचदा क्रमांकच नसतो. ज्या विषयातली जागा सुटेल त्या विषयाच्या माणसाला बोलावतात. त्यामुळे 'माझा नंबर कितवा?' असं विचारलं तर त्याला खरोखर उत्तर नसू शकतं. १५ एप्रिलच्या सुमाराला हालचाल होते, कारण कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशावर त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. दोन-तीन ठिकाणी निवड झालेली मुलं तोवर थांबतात, मग जागा सुटतात.

'अंडर रिव्ह्यू'चा अर्थ लावत बसू नये. 'विचाराधीन' म्हणजे फाइल आहे तिथे आहे.

सगळ्यात फसवं मला वाटतं ते 'ॲट धिस टाइम'. 'वुई आर अनएबल टू ऑफर यू ॲडमिशन ॲट धिस टाइम' याचं मनातल्या मनात 'सध्या प्रवेश देता येत नाही' असं भाषांतर होतं आणि 'सध्या' म्हटलं की आपण उद्याची वाट पाहतो. तो नकार आहे, फक्त मऊ आवाजातला. तिथे 'या खेपेला' म्हणावं. पुढच्या वर्षी नवा अर्ज करता येईल, या अर्जाचं मात्र झालं.