एकच गुडघा, दोन आकडे

प्रश्न: फिजिओथेरपीच्या ओपीडीत मी निरीक्षणाला बसते. एकाच पेशंटच्या गुडघ्याचा कोन दोघांनी मोजला की आकडे वेगळे का येतात?

उत्तर: बहुतेकदा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं दोन पट्ट्यांचं साधन) सरकलेला असतो. त्याचा मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, बाहेरच्या उंचवट्यावर हवा. स्थिर पट्टी खुब्याच्या उंचवट्याकडे, हलती पट्टी बाहेरच्या घोट्याकडे. जाड पँटवरून मोजलं तर या खुणा हाताला लागणार कशा? पाचेक अंशांचा फरक मोजणीतलाच धरा. पेशंटने स्वतः वाकवलेला गुडघा आणि थेरपिस्टने वाकवलेला, यांचे आकडे वेगळेच असतात. वहीत तसं नोंदवा. (पेशंटचं नाव मात्र लिहू नका.) वाकवताना तो कंबर उचलतोय का, हे आकड्याआधी बघा.