स्वातीचा तारा नारिंगी का दिसतो?

ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर ठरतो. सूर्याचे हे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे, तर स्वातीचे जेमतेम ४,००० अंश. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर हा तारा फुगत जाऊन सूर्याच्या सुमारे २५ पट रुंद झाला आणि त्याचा पृष्ठभाग निवला, म्हणून तो नारिंगी दिसतो. या मोठ्या आकारामुळेच, थंड असूनही, ३७ प्रकाशवर्षांवरून तो इतका ठळक दिसतो. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत नेली की नजर थेट त्याच्यावर जाते. क्षितिजालगत मात्र वातावरणामुळे कोणताही तारा तांबूस भासतो, त्यामुळे स्वातीचा खरा रंग तो डोक्यावर आल्यावरच पाहावा. माझ्या मते साध्या दुर्बिणीतून तो अधिक खुलतो.