कोजागिरी नक्की कोणत्या रात्री?

प्रश्न: २०२५ ला कॅलेंडरमध्ये कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती आणि पौर्णिमा ७ तारखेला, मग आम्ही गच्चीवर दूध आटवलं ते अपुऱ्या चंद्राखाली का? सासूबाई अजून विचारतात.

उत्तर: नाही हो ताई, तुमचं बरोबरच झालं. कोजागिरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते, कारण लक्ष्मी त्याच वेळी 'को जागर्ति' म्हणजे कोण जागं आहे असं विचारत फिरते अशी श्रद्धा आहे, आणि त्या वर्षी पौर्णिमा ६ च्या दुपारी लागून ७ च्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली, म्हणजे मध्यरात्र मिळाली ती ६ चीच. तिथी संपते तोच खरा पूर्ण चंद्राचा क्षण, तेव्हा चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर असतो, पण तो भरदिवसा आला तर दिसणार कसा? आदल्या रात्रीचा चंद्र डोळ्यांना पूर्ण गोलच दिसतो. आणि माझं ऐकाल तर पुढच्या वेळी दूध चुलीवर चढवायच्या आधीच, सूर्य मावळताना सगळ्यांना गच्चीवर न्या, चंद्र तेव्हाच पूर्वेला उगवतो, इतका मोठा आणि पिवळसर की पोरं बघतच राहतात (मोठा दिसणं हा नजरेचा भास, हात लांब करून करंगळी धरा, तेव्हाही झाकतो आणि मध्यरात्रीही). सासूबाईंनाही दाखवा.