रक्तातून टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करायला निगेटिव्ह सिलेक्शन (नकोशा पेशी काढून टाकणं) घ्यावं की पॉझिटिव्ह (हव्या पेशींनाच धरून ओढणं)?

पुढे पेशींचं काम तपासायचं असेल तर निगेटिव्हच घ्या. त्यात बी-पेशी, मोनोसाइट, एनके अशा नकोशा पांढऱ्या पेशींना अँटिबॉडी चिकटते आणि त्या बाजूला काढल्या जातात, टी-पेशी कोऱ्या राहतात. टी-पेशी त्यांच्या रिसेप्टरला जोडलेलं सीडी३ हे प्रथिन धरून ओढल्या तर रिसेप्टरलाच चेतना मिळू शकते आणि कंट्रोलही (चेतना न दिलेला तुलनेचा नमुना) सक्रिय दिसतो. गडबड बहुतेकदा आधीच्या टप्प्यावर होते: रक्त फायकॉलवर (रक्तपेशींचे घनतेनुसार थर करणारं द्रव) ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला फिरवा, पण सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा, नाहीतर थर ढवळले जातात. रक्त २४ तासांहून जुनं असेल तर ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही टी-पेशींच्याच थरात येतात, मग कुठलाही किट घ्या, शुद्धता घसरतेच. कार-टी उपचारासाठी (टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगावर वापरणं) मात्र टी-पेशींवरच्या सीडी४ आणि सीडी८ या प्रथिनांवर पॉझिटिव्ह सिलेक्शन सर्रास करतात, कारण तिथे रक्तातल्या कर्कपेशी आणि मोनोसाइट मागे राहणं जास्त महत्त्वाचं.