उत्रेख्तला दोन दिवस तरी द्या!

प्रश्न : मुलीकडे नेदरलँड्सला जातोय. ॲमस्टरडॅम सोडून कुठलं शहर पाहू? – एक वाचक, सांगली

उत्तर : उत्रेख्त. तिथले कालवे दुमजली : वर रस्ता, खाली पाण्यालगत जुनी तळघरं. तिथेच आता कॅफे आहेत. मी एक कॉफी घेऊन दीड तास बसले, वेटर बिचारा काही बोलला नाही! डोम या जुन्या मोठ्या चर्चचा मनोरा ११२ मीटर उंच, पण चर्चपासून तुटलेला. मधला भाग १६७४च्या वादळात पडला. बुजवून मोटाररस्ता केलेला खंदकही २०२०मध्ये पुन्हा वाहता केलाय. नातवंडं असतील तर मुलांच्या चित्रपुस्तकांतल्या मिफी या सशाचं चित्र असलेला रस्त्यावरचा सिग्नल दाखवा, तिचे चित्रकार डिक ब्रुना इथलेच. फक्त सायकलच्या लाल पट्ट्यावर उभे राहू नका, मी शिव्या खाल्ल्यात.